खुडूक कोणाची, अंडी कोणाची

अहो, ऐकलंत का? आलात कधी पुण्याहून? काल रात्री? तरीच! तुमच्या ओसरीवर दिवा दिसला तेव्हा मी ह्यांना म्हटलं, आल्या वाटतं. दीड महिना कुलूप घराला. लेकीकडे सुखात राहिलात, पण इथलं तुमचं सगळं हुकलं हो! या जरा इकडे, कुंपणाशी. तिकडून नको, त्या बाजूला मास्तरीणबाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे, आणि त्या खिडकीला… जाऊ द्या. इथं शेवग्याखाली या. ऊन चढायच्या आत सांगून होतं. मागच्या आठवड्यात पारा ४५ च्या घरात गेला होता, दहा वाजले की बाहेर उभं राहवत नाही बाप्पा.

तर मास्तरीणबाईंची चांदी खुडूक बसली.

हसू नका. कोंबडी खुडूक बसते त्यात काय नवल, एवढं मलाही कळतं. पण कुठं बसली ते विचारा ना! आमच्या वाडीत. आमच्या तणसाच्या ढिगात, पार मागच्या अंगाला. धुळवडीच्या दिवशी सकाळी मी गाईसाठी तणस ओढायला गेले, तर आतून आवाज, कुर्रर्र… म्हटलं नाग की काय. वाकून बघते तर ही बया! पिसं फुलवून टोपल्याएवढी झालेली, डोळे एका जागी लावलेले, जसं काही अंगात आलं आहे. हात पुढं केला तर अशी चोच मारली, हे बघा, अजून डाग आहे. काडीनं जरा उचलून खाली बघितलं. चौदा अंडी!

चौदा. दोनदा मोजली. काही पांढुरकी, काही बदामी, आणि दोन चांगली टपोरी, तपकिरी. म्हणजे एकटीची नाहीतच ती. कोंबड्यांचं असंच असतं, एकीनं आडोशाला जागा धरली की बाकीच्या गुपचूप तिथंच जाऊन घालून येतात. आणि शेवटी खूळ चढतं एकीलाच.

आता मागचं तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही जायच्या आधीपासून मास्तरीणबाईंची अंडी नाहीशी होत होती, आणि त्यांनी सगळ्या मोहल्ल्यात कोणाचं नाव घेतलं होतं? कोपऱ्यावरच्या काकूंच्या नातवाचं! बिचाऱ्या पोरानं आईची थप्पडही खाल्ली. त्यामुळं मी हाक मारायचा अवकाश, मास्तरीणबाईंच्या आधी काकूच हजर. कमरेवर हात ठेवून उभ्या. आणि मास्तरीणबाई आल्या, वाकल्या, बघितलं… तोंड असं झालं, असं, उतरत्या उन्हात दुधीचं पान होतं ना तसं. काकू काही बोलल्या नाहीत हो. फक्त म्हणाल्या, "मोजा बाई, मोजा. माझ्या नातवानं एखादं खाल्लं असंल त्यातलं."

मग काय, मास्तरीणबाईंनी सगळा राग कोंबडीवर काढला. "हिचं खूळ आजच उतरवते," म्हणाल्या. धरून नेली, बादलीभर गार पाण्यात पोटापर्यंत बुचकळली. पोटाखालची ऊब उतरली की खुडूकपण उतरतं, असं त्यांच्या माहेरी करतात म्हणे. चांदीनं अंग झटकलं, सगळ्यांवर पाणी उडवलं, आणि ओल्या अंगानं कुंपणाखालून सरळ पुन्हा आमच्या तणसात! मास्तर म्हणाले नाकात पीस घाला. कुणी म्हणालं तीन दिवस डालग्याखाली कोंडा, खाली विटा लावून, म्हणजे बुडाला वारा लागेल. काकूंचे जावई म्हणाले… जावयांचं नंतर सांगते, ते वेगळंच प्रकरण आहे.

आमच्या सासूबाई ओसरीवरून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "कोंबडी बसली म्हनजे बसली. तिले उठवाले तुमी कोन?"

झालं. तिथून मोहल्ल्यात दोन पक्ष.

मास्तरांचा पक्ष हिशोबाचा. संध्याकाळी पेन घेऊन आले हो माणूस, वहीचं पान फाडून. गावरान कोंबडी वर्षाला घालून घालून किती घालते, पन्नास-साठ. तीही तीन-चार पाळ्यांत, पाळीला बारा-पंधरा, आणि प्रत्येक पाळीच्या शेवटी खुडूक. बसवली तर २१ दिवस अंड्यांवर, पुढं दोन महिने पिलांच्या मागं, म्हणजे एक अख्खी पाळी बुडाली. उलट खूळ मोडलं तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते. "तोटा आहे," म्हणाले, आणि खाली रेघ मारली. शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवतात, रेघ मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

सासूबाईंनी पान हातातही घेतलं नाही. म्हणाल्या, "गुरुजी, अंडं इकून पोरगी नांदाले जात नाई." म्हणजे काय ते मास्तरांना कळलं नाही, मला कळलं. तुम्हालाही कळलं असेल. आपल्याकडे धान घरधन्याचं, मोहफूल ज्यानं वेचलं त्याचं, आणि कोंबडी बाईची. तिचा हिशोब कोणी विचारत नाही. आमच्या ह्यांची ब्रह्मपुरीच्या कॉलेजची पहिली फी सासूबाईंनी चार कोंबडे विकून भरली होती, मामंजींना ठाऊकही नव्हतं, त्यांना वाटलं फी माफ झाली! अंडी रोजच्या तेलमिठात जातात, दिसत नाहीत. पिलू मोठं झालं की त्याचे एकरकमी पैसे हातात येतात. शिवाय गुढीपाडव्याच्या आसपास निघालेली पिलं दिवाळीनंतरच्या मंडईला बरोब्बर तयार. गावोगाव नाटकं, शंकरपट, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि तेव्हा गावरान कोंबडा कितीला जातो ते तुम्हाला मी काय सांगू.

तर काय सांगत होते… हां, मास्तरीणबाई. त्या तशा मास्तरांच्या पक्षातल्या, पण त्यांचं खरं दुखणं हिशोब नव्हतंच. त्यांना भीती होती बर्ड फ्लूची.

आणि खरं सांगू, त्या बाबतीत मी त्यांना हसले नाही. जानेवारीतलं आपण कोण विसरलंय? मांगलीला कोंबड्या पटापट मरायला लागल्या, नमुने पुण्याला गेले, भोपाळला गेले, आणि बर्ड फ्लू निघाला. मग ते पांढरे पोशाख घातलेले लोक, किलोमीटरभराच्या आतली एकूण एक कोंबडी मारून खड्ड्यात, दहा किलोमीटरपर्यंत पाहणी. आपलं गाव त्या दहाच्या जरासं बाहेर म्हणून वाचलो. माझी मामेबहीण आहे ना तिकडं, ती फोनवर रडत होती, "अगं, नुकसानभरपाई मिळंल, पण सकाळी खुराडं उघडायची सवय कुठं ठेवू." आणि त्याच्या महिनाभर आधी नागपूरला गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट मेले होते, तेही त्याच रोगानं. आपल्या चंद्रपूरकडूनच नेलेले वाघ हो, माणसांवर येत होते म्हणून धरून नेलेले! जंगलात कोणाच्या बापाला भ्यायले नाहीत आणि तिकडं पिंजऱ्यात या रोगानं… सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, वाघाले कोंबडीची हाय लागली.

म्हणून ह्यांनी ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर. आम्ही सगळ्या भोवती. डॉक्टर म्हणाले, बाहेरून पिलं आणू नका, बाजारातून कोंबडी आणू नका, आणलीच तर आपल्यात सोडू नका. घरचीच कोंबडी, घरचीच अंडी, सगळं ठणठणीत असेल तर बसवा. आणि एखादी जरी अचानक मेली, तर हात लावू नका, आधी मला कळवा.

आता बघा गंमत. बाहेरून पिलं आणायची नाहीत. पिलांची टोपली घेऊन येणारा सायकलवाला जानेवारीपासून फिरकलेला नाही. मग पिलं यायची कुठून? गावात जी खुडूक बसेल तिच्याखालून! जिला सकाळी बादलीत बुचकळली होती, तिचा भाव संध्याकाळपर्यंत एकदम वर. मास्तरीणबाईंच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. "माझी चांदी," म्हणाल्या. "माझी" वर असा जोर!

सगळ्यात आधी धावत आल्या आशाताई. त्यांना नाही का मागं सरकारी योजनेत गट मिळाला होता, २५ तलंगा आणि ३ कोंबडे, अर्ध्या किमतीत? वनराजाच्या. हैदराबादच्या सरकारी केंद्रानं काढलेली जात. दिसायला अगदी गावरान, रंगीबेरंगी, वजनाला भरदार, अंडी गावरानच्या दुप्पट. पण दीड वर्षात एक, एक कोंबडी खुडूक बसेल तर शपथ! बसत नाहीत त्या. जास्त अंडी हवी म्हणून पिढ्यान् पिढ्या निवडत निवडत त्यांच्यातलं ते बसायचं वेडच काढून टाकलंय. कडकनाथचंही तेच म्हणतात, अंडं घालील पण आईपण करणार नाही. आशाताई कुंपणाला धरून म्हणाल्या, "दोनच अंडी ठेवू द्या हो माझी. मशीन घ्यायची तर लाइटचा भरवसा नाही." तेव्हा मला त्या ढिगातल्या दोन टपोऱ्या तपकिरी अंड्यांचा उलगडा झाला. पण मी बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. दोघी एकमेकींकडे बघून… समजलं ना?

मग आले काकूंचे जावई. थांबा, आवाज जरा बारीक करते. तुम्हाला त्यांचा तो असील कोंबडा माहीत आहे, लांब मानेचा, तांबडा, सिरोंच्याकडून आणलेला, बदाम खातो म्हणे. जावई त्याला घेऊन कुठं जातात तेही सगळ्यांना माहीत आहे, फक्त काकूंना माहीत नाही, म्हणजे माहीत आहे पण त्या "पाहुण्यांकडे गेलेत" असं सांगतात. कोंबडबाजार हो, दुसरं काय! पायाला काती बांधायची, झुंजवायचं, हजारांनी पैसा लावायचा. शिमग्याच्या आधी त्यांच्यावर धाड पडली ते तरी कळलं होतं का तुम्हाला? सगळे बांध्यांतून पळाले, गाड्या टाकून, चपला टाकून. जावई रात्री अकराला अनवाणी घरी आले, कोंबडा बगलेत, त्याच्या अंगावर ओरखडा नाही, आणि जावयांच्या पायात बाभळीचे सात काटे. काकूंची लेक दिव्यापाशी बसून काटे काढत होती आणि काढता काढता म्हणाली म्हणे, "कोंबडा टाकून चपला आणल्या असत्या तर?" भिंतीला भिंत आहे आमची, मी काही मुद्दाम ऐकत नव्हते.

तर ते जावई येऊन म्हणाले, "माझ्या कोंबड्याचीच असतील ती पिलं, वाडीत दिवसभर तोच फिरतो. नर निघतील ते माझे. आत्ताच पैसे देतो." आणि आकडा सांगितला. मास्तरांनी आकडा ऐकला, आणि हळूच ते हिशोबाचं पान घडी घालून खिशात टाकलं! मी बघितलं ना! सासूबाई मात्र ताडकन म्हणाल्या, "आमच्या पिलायच्या पायाले काती नाई लागाची." जावयांचं तोंड… नको, चांगले आहेत हो ते तसे, बोअरवेलची मोटर त्यांनीच दुरुस्त करून दिली होती.

शेवटी ठरलं काय, तर अर्धेली. कोंबडी मास्तरीणबाईंची, जागा नि राखण आमची, पिलं निम्मी निम्मी. आशाताईंना त्यांच्या अंड्याचं पिलू. काकूंना काही नको होतं, पण नातवावरचा आळ सगळ्यांसमोर मागं घ्यायचा, एवढी अट. मास्तरीणबाईंनी घेतला. अगदी खालच्या आवाजात, शेवग्याकडे बघत, "चुकलं माझं." काकू म्हणाल्या, "ऐकू नाही आलं." पुन्हा म्हणावं लागलं!

आता ती चौदा अंडी बसवायची की नाही? मला वाटलं आहेत ती राहू द्यावीत. सासूबाई म्हणाल्या, छे, कोणतं कधीचं देव जाणे, एक आज फुटेल आणि एक आठ दिवसांनी, पहिलं पिलू निघालं की कोंबडी त्याच्यामागं उठून जाते आणि बाकीची थंड पडतात. सगळी एकाच दिवशी ठेवायची, आठवड्याच्या आतली ताजी. मग रविवारी, १६ मार्चला, रात्री अंधारात, जुनी काढून नवी अकरा ठेवली. विषम आकडा लागतो ना. पाच आमची, चार मास्तरीणबाईंची, दोन आशाताईंची. जुन्या वेताच्या टोपलीत तणस, खाली राख, उवा-पिसवा होऊ नयेत म्हणून कडुलिंबाचा पाला. सासूबाईंनी विळ्याचं एक मोडकं टोक आणि कोळसा ठेवला, ढग गडगडले तर अंडी बिघडू नयेत म्हणून. मास्तर हसले. हसू देत.

आणि कोणाचं अंडं कोणतं ते कळावं म्हणून मास्तरीणबाईंनी कोळशानं खुणा केल्या. आमच्यावर एक रेघ, त्यांच्यावर दोन, आशाताईंच्यावर फुली. मी म्हटलं पेन्सिलीनं करा. "कोळसा बरा दिसतो," म्हणाल्या. अहो, कोंबडी दिवसातून कितीदा अंडी फिरवते, चोचीनं आत ओढते, पोटाखाली घासते! चार दिवसांत अकराच्या अकरा अंडी चकचकीत! रेघ नाही, फुली नाही. मास्तरीणबाई एकेक अंडं उजेडाला धरून बघतायत नि चांदी त्यांच्या मनगटाला टोचतेय…

तर काय सांगत होते? सातवा दिवस. त्या दिवशी अंडी तपासतात ना. पूर्वी सासूबाई दाराच्या फटीतल्या उन्हात धरायच्या, आता मोबाईलचा टॉर्च. धानाच्या ढोलीच्या खोलीत दार लावून आम्ही सहाजणी आणि मास्तर. खोक्याला भोक पाडून आत टॉर्च, भोकावर अंडं. पहिलं ठेवलं, नुसतं पिवळं, कंदिलाच्या काचेसारखं. रिकामं. दुसरं ठेवलं, आणि… तुम्ही बघितलंय कधी? आतून सगळं लाल होतं. मधे एक काळा ठिपका, आणि त्याच्यापासून बारीक बारीक लाल दोरे चारी बाजूंना, कोळी जाळ्यात बसावा तसे. आणि तो ठिपका हलला. हलला हो! जरासा, झोपेत लेकरानं कूस बदलावी तसा.

मास्तर म्हणाले, "ह्या रक्तवाहिन्या." शाळेतल्या आवाजात. मग गप्प. मग म्हणाले, "पुन्हा ठेवा ते." तीनदा ठेवायला लावलं. शेवटी सासूबाईंनी अंडं हिसकावून घेतलं, "गार पडंल ते, गुरुजी!" त्या दिवसापासून माणूस शाळेत जायच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा आमच्या वाडीत. चहा मलाच करावा लागला ना दर वेळी.

नऊ भरलेली, दोन रिकामी. रिकामी दोन कोणाची यावरून पुन्हा… ते सोडा.

पुढचे दोन आठवडे काय सांगू. चांदी दिवसातून एकदाच उठायची, दुपारी, पंधरा-वीस मिनिटं. कनकी खायची, पाणी प्यायची, राखेत लोळायची, आणि ती एवढी थोरली घाण करायची की वास आमच्या माजघरापर्यंत! दिवसभराचं साठवून ठेवते, घरट्यात करत नाही. पोटाची पिसं तिनं स्वतःच उपटून टाकली होती, उघडी कातडी अंड्यांना लागावी म्हणून. वजन चांगलंच घटलेलं. ऊन वाढलं तसं मी टोपलीवर ओलं पोतं टांगलं, तर आशाताई म्हणाल्या अंड्यांना पाणी लागू देऊ नका. त्यांचं सगळं लक्ष उबेवर. नवजात बाळ थंड पडू द्यायचं नाही, हे गडचिरोलीत बंग डॉक्टरांनी गावातल्या साध्यासुध्या बायकांना शिकवून दाखवलं, आता देशभरच्या आशांना तेच शिकवतात, आणि आपल्या आशाताई ते कोंबडीला शिकवत होत्या! कोंबडी काय ऐकते.

एकोणिसाव्या दिवशी सासूबाईंनी कोमट पाण्याचं घमेलं मांडलं, अंडी त्यात सोडली. जिवंत असेल ते पाण्यावर डुलतं, टुकटुक हलतं. आठ नाचली. एक नुसतंच तरंगलं. ते उचलून त्यांनी पदरात घेतलं आणि काही न बोलता मागं जाऊन पुरून आल्या.

आणि निघाली केव्हा म्हणता? ६ एप्रिलला, रामनवमीला! इकडं देवळात बाराचा पाळणा, आणि मी सुंठवडा हातात घेऊन तणसापाशी, कारण टोपलीतून चिवचिव येत होती. अंडं फुटायच्या आधीच आतून बोलतात ती, आणि वरून चांदी घोगऱ्या आवाजात उत्तर देत होती, सकाळपासून. एका अंड्याला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक, त्यातून चोचीच्या टोकावरचा तो पांढरा कण दिसतोय, टोचतोय, थांबतोय, टोचतोय. मास्तरीणबाईंना राहवेना, नखानं टरफल सोलायला लागल्या. सासूबाईंनी हातावर चापट मारली. चापट! अहो, खरंच. "रक्त यील त्याले. तेचं तेले येऊ दे." मास्तरीणबाईंचे डोळे भरून आले, चापटीनं की कशानं ते मी विचारलं नाही.

सात निघाली. आठवं टरफलातच राहिलं.

सात! आता सातचे निम्मे करा! आशाताईंचं पिलू कोणतं ते तर चेहऱ्यावरून कळायला मार्ग नाही. दोन पिलं मात्र वेगळी, उंच तंगड्या, ताठ मान, दुसऱ्या दिवसापासून भावंडांना ढुशा. काकू आल्या, बघितलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "बापाचं नाव कपाळावर घेऊन आलीत." आणि स्वतःच हसत सुटल्या. जावयांचं गुपित सासूनंच फोडलं म्हणायचं.

सातव्या दिवशी लस. मानमोडीची, दुसरा रोग एकवेळ वाट चुकेल पण हा गावात येतोच, मान वाकडी होऊन गोलगोल फिरत मरतात बिचारी. लसीची बाटली शंभर पिलांची, फोडली की दोन तासांत संपवायची. सात पिलांसाठी कोण फोडणार? म्हणून आशाताईंनी सगळ्या मोहल्ल्याला दवंडी दिली, बर्फ घातलेल्या थर्मासमधून बाटली आणली, आणि आमच्या अंगणात रांग! एकेका डोळ्यात एकेक थेंब. वर्षभर एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघी त्या रांगेत पुढंमागं उभ्या होत्या, आणि बोलल्या. "तुझी किती?" "चार." एवढंच, पण बोलल्या.

परवा एक घारीनं नेलं. चांदी पंख पसरून उडाली होती हो तिच्यावर, छातीएवढी उंच, पण नेलंच. म्हणजे राहिली सहा, तीन-तीन. हिशोब सुटला असं मास्तर म्हणाले, आणि मास्तरीणबाईंनी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

पण आता ऐका, खिडकीकडे का येऊ नका म्हटलं ते. काल संध्याकाळी मी उधईचं वारूळ फोडून पिलांना घालत होते, तर मास्तरीणबाईंच्या मागच्या दाराशी कोण? काकूंचे जावई! त्यांनी कागदात गुंडाळलेलं काही दिलं, बाईंनी पदराआड घेतलं. आता त्या उंच तंगड्यांच्या दोघांपैकी एक तरी यांच्या तीनात आलाच पाहिजे ना? तर आज सकाळी मास्तरीणबाई गोड आवाजात मला म्हणतात, "वाटणी आत्ताच करून टाकू या का हो, तुमच्या सासूबाई झोपल्यात तोवर?"

मी म्हटलं, पिलं अजून आईखाली झोपतात. दोन महिने विषयच नको.

सासूबाईंना सांगितलेलं नाही मी अजून. सांगावं की नाही ते तुम्हीच सांगा… बघा, आल्याच त्या उन्हाला हात धरून. जाते मी, पिलांचं पाणी बदलायचंय.

आणि अहो, एक राहिलं. तुमच्या मागच्या सरपणाच्या आडोशाला काल दोन अंडी दिसली मला. एक बदामी, एक टपोरं तपकिरी. मी हात लावलेला नाही हं.